आठ किलो सहाशे

"मॅडम, हे जरा धरता का?" असं म्हणत सरांनी टेबलावरचं बाळ उचलून माझ्यापुढे केलं. बाळ म्हणजे डमी. गाड्यांच्या अपघात-चाचणीत बसवतात तसला, दीड वर्षाच्या मुलाच्या मापाचा. अंगाला रबरी कातडी, डोकं गुळगुळीत, पाठीतून निघालेली वायरींची जुडी, वजन साधारण अकरा किलो. मी पहिल्या रांगेत बसले होते, एवढंच कारण. उठले, हात पुढे केले आणि घेतलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. खाली पाहिलं तेव्हा लक्षात आलं, मी त्याला कडेवर घेतलं होतं आणि माझा दुसरा हात त्याच्या डोक्यामागे गेला होता. दीड वर्षाच्या मुलाची मान सावरावी लागत नाही, हे मला डॉक्टर म्हणून माहीत आहे आणि दोन मुलांची आई म्हणूनही. तरी हात गेला होता. "ताशी पन्नासने चाललेली गाडी समोर आदळली," सर म्हणाले, "तर ह्याला धरून ठेवाल ना?" मी म्हणाले, "हो." विचारही केला नाही.

सरांनी फळ्यावर आकडे मांडले. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी आदळते तेव्हा तिचं नाक चेपत जातं आणि त्या चेपण्यात तिला थांबायला साधारण ६० सेंटीमीटर मिळतात. एवढ्या अंतरात सगळा वेग संपवायचा, तर आतल्या प्रत्येक गोष्टीला तिच्या वजनाच्या सोळापट जोर बसतो. अकरा गुणिले सोळा, एकशे शहात्तर. तुमच्या हातातलं बाळ त्या क्षणी एकशे शहात्तर किलोचं होतं, सर म्हणाले, आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतं. हात आवळायचा आहे हे मेंदूला कळून बोटांपर्यंत पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. "कुणालाच नाही धरता येत मॅडम, पैलवानालाही नाही." त्यांनी डमी माझ्याकडून घेतला आणि परत टेबलावर झोपवला.

माझे हात थोडा वेळ तसेच राहिले.

त्या क्षणी मला आत्या आठवली असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुपारच्या जेवणात मी सगळ्यांबरोबर गप्पा मारल्या, आमटी चांगली झाली होती ती दोनदा घेतली. आत्या आठवली ती रात्री, वसतिगृहाच्या खोलीत पंख्याकडे बघत पडले असताना. आणि आठवली तीही हातांपासून. मांडीवर पदराखाली घेतलेले, एकमेकांत गुंतवलेले दोन हात.

हा पाच दिवसांचा अभ्यासवर्ग पुण्यात होता. वाहनांच्या अपघातात शरीराला दुखापत नेमकी होते कशी, त्यामागचं यंत्रशास्त्र काय, हा विषय. आम्ही चोवीस जण होतो. गाड्यांच्या कंपन्यांतले तरुण इंजिनिअर, दोन मोटार वाहन निरीक्षक, विम्याचे सर्व्हेअर, अपघात दाव्यांच्या कोर्टात उभे राहणारे एक वकील, दोन अस्थिरोगतज्ज्ञ आणि मी. मी हायवेलगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. म्हणजे बाळंतपणं, विंचूदंश, साप, ताप आणि रात्री दीड-दोनला दारात येऊन थांबणारी ॲम्ब्युलन्स. जिवंत असेल तर टाके घालून, सलाईन लावून पुढे पाठवायचं. नसेल तर सकाळी उजेडात पीएम, म्हणजे शवविच्छेदन, करायचं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. हे आकडे सरांनी पहिल्याच दिवशी दाखवले. बाकीच्यांनी ते लिहून घेतले. मी लिहून घेतले नाहीत. त्यांतल्या काहींचे बूट मी स्वतः काढले होते.

चौदा वर्षं मी एक वाक्य लिहीत आले आहे. मेडिको-लीगल कागदावर दुखापतींचा तक्ता असतो आणि शेवटच्या रकान्यात ती कशाने झाली ते लिहायचं असतं. तिथे आम्ही सगळेच ‘हार्ड अँड ब्लंट’ लिहितो. कठीण आणि बोथट वस्तू. डोकं फुटलं, हार्ड अँड ब्लंट. बरगड्या मोडल्या, हार्ड अँड ब्लंट. चाकू नव्हता, कोयता नव्हता, एवढंच त्यातून पोलिसांना कळतं आणि तेवढंच त्यांना हवं असतं. दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला काही फोटो दिले आणि विचारलं, ह्या गुडघ्याला काय लागलं? मी सवयीने उत्तर दिलं. ते म्हणाले, "ते झालंच, पण गाडीतलं काय?" मग त्यांनी एकेक जखम वाचायला शिकवलं. गुडघ्यावर खरचटलेलं आणि खुबा मागे निखळलेला, तर माणूस पुढे सरकला आणि त्याचा गुडघा डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर गेला. ओटीपोटावर आडवा काळानिळा पट्टा आणि आत फाटलेलं आतडं, तर पट्टा होता पण तो कमरेच्या हाडावर बसायच्या ऐवजी पोटावर चढला होता. पायी चालणाऱ्याच्या नडगीला बंपर लागतो, मांडीला किंवा खुब्याला बोनेटची कड आणि शेवटी डोकं काचेला किंवा काचेच्या बाजूच्या खांबाला. वरवर विखुरलेल्या त्या तीन जखमा म्हणजे एकाच क्षणाची तीन पावलं. मी वहीत काहीच लिहीत नव्हते. मला माझी टेबलं आठवत होती. किती माणसं मला स्पष्टपणे सांगून गेली होती आणि मी त्यांचं बोलणं ‘हार्ड अँड ब्लंट’मध्ये गुंडाळून सही केली होती.

त्यांतला एक पोरगा तर मला झोपू देत नाही. सहा-सात वर्षं झाली. मित्राच्या गाडीत पुढे बसलेला, बावीस-तेवीसचा. चालत आला कॅज्युअल्टीत. छातीवर थोडा लालसरपणा, बाकी ओरखडा नाही. सिस्टरांकडे पाणी मागितलं, आईला फोन करून "काही झालं नाही" म्हणाला, आणि वीस मिनिटांत पांढरा पडून गेला. पीएमला छाती उघडली तेव्हा डावी बाजू रक्ताने भरलेली होती. महाधमनी तिच्या ठरलेल्या जागी फाटली होती, जिथे ती कमानीतून खाली वळते. त्या वर्गात मला कळलं की अपघातात एक टक्कर नसते, तीन असतात. गाडी आदळते, मग गाडीच्या आत माणूस आदळतो, मग माणसाच्या आत त्याचं हृदय, यकृत, मेंदू आदळतो. कमानीखालची धमनी कण्याला बांधलेली असते, हृदय मोकळं लोंबतं. शरीर थांबतं तरी हृदय पुढे जातं आणि ओढ त्या सांध्यावर येते. ती भिंत किती ओढ सोसते, हे मोजणाऱ्यांमध्ये दिनेश मोहन होते. मिशिगन विद्यापीठात त्यांनी माणसाच्या महाधमनीच्या पट्ट्या ताणून पाहिल्या आणि मग दिल्लीच्या आयआयटीत येऊन आयुष्यभर रस्त्यावरच्या चालणाऱ्या, सायकलवरच्या, दुचाकीवरच्या माणसाची बाजू मांडली. कडबाकुट्टीत बोटं गमावणाऱ्या मुलांसाठी यंत्राची रचना बदलण्याचंही काम त्यांनी केलं. हे ऐकून मला त्यांच्याविषयी एकदम जवळीक वाटली, कारण ती बोटंही माझ्याच टेबलावर येतात. २०२१च्या मे महिन्यात कोविडने ते गेले. त्या पोराच्या आईने मला विचारलं होतं, "चालत आला होता ना, मग?" तेव्हा मी काहीतरी सांगितलं होतं. आज तिला नीट सांगता येईल. पण ती कुठली, कोण, हे आता मला सापडणार नाही.

३ जून २०१४ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गोपीनाथ मुंडे दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर होते. बाहेरून फारसं काही दिसत नव्हतं. आत यकृत फाटलं होतं, मानेला मार होता. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर. दोन्ही वेळा महिनाभर लोक मागे बसून पट्टा शोधत होते, सीटच्या फटीत हात घालून. नंतर शोधेनासे झाले. मागे बसलं की सुरक्षित, ही आपली समजूत किती जुनी आहे, हे मला त्या वर्गात बसून कळलं. आणि आमच्या घरात तिच्या अगदी उलट समजूत होती, तिने काय केलं, तेही.

तिसऱ्या दिवशीचा तास मृतदेहांचा होता. आपण ज्या आकड्यांवर गाड्या बांधतो ते आले कुठून? डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात गर्डजियन नावाचे मेंदूचे शल्यविशारद आणि लिसनर नावाचे इंजिनिअर, या दोघांनी १९४०च्या सुमारास मृतांच्या कवट्यांवर आघात करून मोजायला सुरुवात केली. किती जोर, किती वेळ, मग तडा. त्या मोजण्यातून एक वक्ररेषा निघाली आणि आजही डमीच्या डोक्यात बसवलेलं यंत्र जो आकडा देतं त्याचं मूळ तिथे आहे. त्याच विद्यापीठातल्या अल्बर्ट किंग यांनी १९९५ साली अंदाज मांडला की मृतदेहांवरच्या या कामामुळे अमेरिकेत दर वर्षी ८,५०० जीव वाचतात. वर्ग शांत झाला होता. आमच्यातले ते वकील म्हणाले, "दधीचीच की." कुणी काही बोललं नाही, पण मला वाटतं सगळ्यांना ते पटलं होतं. माझ्या मनात मात्र कालवाकालव झाली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आम्ही ज्या देहावर शिकलो त्याला आम्ही कधी नाव विचारलं नव्हतं, आणि हे तर त्याला खुर्चीत बसवून गाड्यावर सोडत होते. मला ते बघवलं नसतं. आणि तरी मागच्याच महिन्यात पट्ट्याने वाचलेला एक ट्रकचालक मी टाके घालून घरी पाठवला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या अजून एका जागी ठेवता आलेल्या नाहीत.

मग स्टॅप. जॉन पॉल स्टॅप, अमेरिकेच्या हवाई दलातला डॉक्टर. रुळांवरच्या रॉकेट-गाड्यावर तो दुसऱ्या कुणाला बसवण्याआधी स्वतः बसायचा. बरगड्या मोडून घेतल्या, मनगट दोनदा मोडून घेतलं. १० डिसेंबर १९५४ला न्यू मेक्सिकोत हॉलोमनच्या तळावर तो ताशी एक हजार किलोमीटरच्या वर गेला आणि दीड सेकंदाच्या आत थांबला. स्वतःच्या वजनाच्या ४६ पट ओढ. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ त्याला दिसेना. पण तो जगला, दिसायलाही लागलं. तरुणपणी त्याच्या नात्यातलं एक लहान मूल भाजून गेलं होतं आणि त्यानंतर त्याने डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, हे सरांनी जाता जाता सांगितलं. मी पेन खाली ठेवलं. एका मुलामुळे माणूस आयुष्यभर स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेत राहतो, हे मला समजू शकत होतं.

शेहेचाळीस पट सोसून माणूस जगतो, कारण त्याला बांधलेलं असतं. सोळा पट तर काहीच नाही.

चौथ्या दिवशी आम्हाला प्रत्यक्ष चाचणी दाखवली. रुळांवर एक गाडा, त्यावर गाडीचा आतला सांगाडा: सीट, पट्टा, डॅशबोर्ड. मोठा डमी आणून बसवला. ७८ किलो, १७५ सेंटीमीटर, पुरुषाचा देह. हा १९७६ साली तयार झाला आणि पुढे जगातल्या बहुतेक गाड्या याच्या अंगावर जोखल्या गेल्या. माझी उंची १५४. मी स्टिअरिंगला चिकटून बसते, माझ्या मापाची बाई बरीच वर्षं त्याच पुरुषाला लहान करून बनवली जात होती, सरासरी स्त्रीचा डमी स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ साली दाखवला. हे ऐकून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष दुसरीकडे होतं. तिथल्या तंत्रज्ञाने हातात रंगाच्या डब्या घेतल्या आणि डमीला रंग लावायला सुरुवात केली. कपाळाला निळा, हनुवटीला लाल, गुडघ्यांना हिरवा. बोटाने, नीट, कडा सारख्या करत, जसं घरून निघताना कुणी गंध लावावं. आदळल्यावर कुठला भाग कशाला लागला ते त्या डागांवरून वाचायचं असतं. मग आम्ही काचेमागे गेलो. भोंगा वाजला, दिवे पेटले आणि एक आवाज झाला, लोखंडी शटर वरून सुटून पडावं तसा. बस. काही दिसलंच नाही. दारं उघडली तेव्हा फटाक्याच्या टिकल्यांसारखा वास आला आणि एअरबॅगच्या फुग्यातली बारीक पांढरी पूड उजेडात तरंगत होती. डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला दोन हिरवे डाग होते. "वाचा," सर म्हणाले. मला वाचता येईना. माझ्या डोळ्यांपुढे पिवळा डाग होता.

१९९३ सालचा माघ. मी नऊ वर्षांची. आत्याच्या बाळाचं जावळ काढायला आम्ही सगळे पालच्या खंडोबाला गेलो होतो. तारळीच्या पाण्यात पाय घालून बसलो, भंडारा उधळला, बाळाचं डोकं नुकतं भादरलेलं, त्यावर हळदीचा हात फिरवलेला. मी सारखी त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत होते आणि आजी "टाळू जप" म्हणून ओरडत होती. परत निघताना अंधार पडला. मामांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, मित्राची जीप, मामा चालवत होते. मागे समोरासमोरच्या बाकड्यांवर आम्ही दहा-अकरा जण. आत्या मागे चढायला लागली तर आजीने तिला उतरवलं. "लेकरू घेऊन मागं नगं, हादरं बसत्यात. पुढं बस निवांत." पुढची जागा म्हणजे मानाची आणि मायेची. उसाचा हंगाम होता. कऱ्हाडच्या अलीकडे एक ट्रॉली आस मोडून रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, मागच्या बाजूला खाली आडवी दांडीही नाही, की ज्याला जीपचं नाक लागून थांबावं. जीप खाली घुसली. मला आठवतो तो वास. फुटलेल्या उसाचा कच्चा गोड वास आणि त्यात रेडिएटरच्या पाण्याची वाफ. माझी हनुवटी फुटली होती, तिचा व्रण अजून आहे. कुणाच्या तरी कमरेला मिठी मारून मी रस्त्यावर उभी होते आणि आत्या एकच वाक्य म्हणत होती. "माझं हात सुटलं. माझं हात सुटलं."

दुसऱ्या दिवशी जीप पोलीस चौकीपुढे आणून लावली होती. वडिलांबरोबर मी गेले होते. मोठी माणसं आत बोलत होती आणि मी त्या उघड्या दारातून आत बघत होते. त्या जीपचा डॅशबोर्ड म्हणजे रंगवलेला पत्रा. त्यावर, बरोबर मधोमध, भंडाऱ्याचा पिवळा डाग होता. तळहाताएवढा. मी बोट लावलं तर बोटाला हळद आली. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. आता, एवढ्या वर्षांनी, एका तंत्रज्ञाच्या बोटावरचा रंग बघून मला कळलं की त्या दिवशी मी काय वाचलं होतं. आणि तरी पुरतं वाचता येत नाही. तो बाळाच्या डोक्याचा की आत्याच्या कपाळाचा, कोण सांगणार? त्या दिवशी आम्ही सगळेच पिवळे होतो.

बाळाचा कागद मी नंतर शोधला, डॉक्टर झाल्यावर. मिळाला नाही. मिळाला असता तरी त्यात काय लिहिलेलं असतं ते मला पाठ आहे.

आत्याला कुणी उघड दोष दिला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. आमची माणसं वाईट नाहीत. पण माती देऊन आल्यावर ओसरीवर बायका बसलेल्या असताना कुणीतरी अगदी हळू, अगदी कळवळून विचारलं होतं, "घट्ट नव्हतं का गं धरलं?" एवढंच. ते वाक्य त्या घरात राहिलं. पुढे आत्याला मुलगी झाली. तिला ती न्हाऊ घालायची, दूध पाजायची, पण जमिनीवर बसून, पाठ भिंतीला टेकवून. उभं राहून कडेवर घेऊन मी तिला कधी पाहिलं नाही. रस्ता ओलांडताना मुलगी सासूकडे. आमच्या घरच्या बारशांना ती येते, पाळणाही म्हणते, गळा गोड आहे. पण "घ्या की जरा" असं म्हणत कुणी बाळ पुढे केलं की तिचे हात पदराखाली जातात. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी गेले. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, थोडा रागही आला होता. मामा गेले त्याला नऊ वर्षं झाली. गाडी त्यांच्या हातात होती, पण त्या रात्रीबद्दल ते दोघं एकमेकांशी कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

म्हणजे मला आता एक आकडा मिळाला होता आणि तो तिच्यापर्यंत पोचवायला हवा होता. इतकं सोपं वाटलं मला, वर्गाच्या शेवटच्या दिवशीपर्यंत. पण शेवटच्या दिवशी सरांनी पहिल्या दिवसाचं गणित पुरं केलं. ते म्हणाले, एकशे शहात्तर किलोचा हिशोब हा धरणारा स्वतः पट्ट्याने बांधलेला आहे असं मानून. तो बांधलेला नसेल तर त्याचं शरीरही त्याच वेगाने पुढे येतं. मूल डॅशबोर्ड आणि आईच्या मधे सापडतं. त्याची फिल्म त्यांनी दाखवली, सेकंदाला हजार चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याची, आवाज नसलेली. मी बाहेर गेले. व्हरांड्यात अस्थिरोगवाले डॉक्टर उभे होते, त्यांनी काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

आणि बांधलं असतं तर? स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकातच लहान मुलांसाठी उलट्या तोंडाची सीट करून बघितली होती. अंतराळवीर पाठीवर जोर घेत झोपतात, ते बघून. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कोवळी, कमरेचं हाड पट्टा अडकवण्याएवढं वाढलेलं नाही. म्हणून त्याची पाठच जोराकडे करायची. इतकं साधं. ती सीट आपल्याकडे आजही किती गाड्यांत दिसते? मी लेबर रूममधून दर आठवड्याला बाळं घरी पाठवते, कुणाच्या तरी मांडीवर, पुढच्या सीटवर, रिक्षात, दुचाकीवर दोघांच्या मधे. लसीचं कार्ड देते, ‘अंगावरचं दूध’ सांगते. गाडीत कसं न्यायचं ते एकदाही सांगितलेलं नाही. आता सांगते. बाया हसतात, म्हणतात, "आम्ही धरतो की घट्ट, मॅडम."

मी दिवाळीनंतर आत्याकडे गेले. सकाळची वेळ होती, ती परसात शेंगा वाळत घालत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं, भाकरी झाली. मग मी ट्रेनिंगचं काढलं. डमीचं सांगितलं, तो हातात दिला ते सांगितलं, मी "हो" म्हणाले ते सांगितलं. जीपचं नाव काढलं नाही. तिने शेंगा निवडणं थांबवलं नाही. मी म्हणाले, "आत्या, अकरा किलोचं बाळ त्या वेळेला एकशे शहात्तर किलोचं होतं. साखरेची साडेतीन पोती. ती अशी एकदम हातात येऊन पडली तर?" ती काही बोलली नाही. उठून आत गेली. मला वाटलं, मी चुकले. हे इतकी वर्षं मिटलेलं मी कशाला उघडलं. पलीकडे बोअरची मोटर चालू होती, तिचा आवाज येत राहिला. आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाईटचं बिल होतं आणि नातवाचा बॉलपेन.

"अकरा नव्हतं," ती म्हणाली. "आठ किलो सहाशे हुतं. आदल्या आठवड्यात अंगणवाडीतल्या बाईनं झोळीत घालून काटा केलता."

मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. वेग किती होता मला माहीत नव्हतं. मी पन्नासच धरला. मामा त्याहून हळू कधी चालवत नसत. त्या जीपचं नाक चेपणारं नव्हतं, तिला साठ सेंटीमीटर मिळाले असतील असं मला वाटत नाही, तरी मी साठच धरले. जिथे जिथे कमी धरता येईल तिथे कमी धरलं. तिला पट्टा नव्हता, हे मात्र मी गणितात घेतलं नाही. ती फिल्म माझ्या डोक्यात चालू होती आणि मी पेन चालवत राहिले. ८.६ गुणिले १६. खाली रेघ मारली आणि लिहिलं, १३७.६.

तिने बिल हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेक आकड्यावर बोट ठेवून वाचलं. बराच वेळ. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"चुकलं नसंल ना? परत करून बघ."

मी परत केलं. तेवढंच आलं.